पुसायची राहिलेली मतं

तीर्थरूप बाबांना नमस्कार.

मी ठीक आहे. जेवणखाण वेळेवर होतं, आईला तसं सांगा. पत्र उद्याच पोचावं म्हणून तिकडे येणाऱ्या एकाच्या हाती देतोय.

आमचे खासदार राज्यात मंत्री झाले, जागा रिकामी पडली आणि आम्हा शिक्षकांना पुन्हा निवडणुकीच्या कामाला जुंपलं. काल मतदान शांतपणे पार पडलं. संध्याकाळी मात्र आकडे जुळेनात. सकाळी यंत्र तपासायला आम्हीच मतं टाकली होती, ती पुसायला केंद्राध्यक्ष विसरले! आता परवा आमच्या केंद्रावर फेरमतदान, आणि माझी रजा रद्द.

मी म्हटलं, "साहेब, परवाच वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे हो."

तर म्हणाले, "मग मी काय मुद्दाम केलं?"

नुसता संताप होतो.

माझ्यासाठी तुम्ही एकदा तारीख पुढे ढकललीत. आता ढकलू नका, डॉक्टरांनी उशीर नको म्हणून बजावलंय. ताईसोबत जा. साखर तपासलीत का?

पट्टी काढल्यावर समोर मीच दिसावं, असा तुमचा हट्ट आहे. ताईला बघून तोंड पाडू नका, बाबा. दर वेळी माझ्या जागी तीच उभी असते.

आईला नमस्कार.

तुमचा,
धाकटा