घडी न मोडलेलं लुगडं

दिंद्रुड, भाद्रपद वद्य ४, शके १८४४

तीर्थरूप सौ. सुभद्राअक्कास सुंदररावाचा शि. सा. नमस्कार. वि. वि. दाजींनी हे पत्र तुला वाचून दाखवावं. माझी थट्टा येईल तिथं गाळू नये.

विलायतेतल्या शांतता परिषदेला प्रतिनिधी म्हणून हैदराबादच्या व्यापारी मंडळींनी माझं नाव दिलं. कधीकाळी सरकीची पोती उचलणारा मी, आता शिंप्याकडून कोट बेतून घेतोय. बाजारात मागं कुजबुजतात, हा बोटीवर भाकरी कुणाला मागणार म्हणून. माझे कान तिखट, सगळं ऐकतो.

उत्तरेश्वर अंबाजोगाईच्या छावणीतून बसऱ्याच्या लढाईवर गेला, त्याला सहा वर्षं झाली. ना पत्र, ना सरकारी कागद. लढाई करणारेच तिथं बसतील, माझा लेक कुठंय एवढं विचार, असं तू म्हणालीस. विचारीन.

दिवाळीला मी दर्यावर. म्हणून भाऊबीजेचं लुगडं आजच म्हाळूच्या गाडीनं धाडलं. मी साहेबी टोपी घालणार, तेव्हा माझा नवा पटका दाजींना. पत्र म्हाळूपाशी दिलं तर चिलमीत जाईल, म्हणून टपालानं.

सूनबाई सौ. सत्यभामेस आशीर्वाद. लोभ आहे तसाच असू दे.

तुझा सुंदर

चकलांबा, भाद्रपद वद्य ९

चिरंजीव सुंदरास अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि. मी बोलते, हे लिहून घेतात.

तुझं पत्र काल आलं. म्हाळू त्याच्या आधीच येऊन गेलता. पितरांचा पंधरवडा, या दिसांत कुणी नवं कापड घेत न्हाई. आन् माहेराहून लुगडं आन् पटका संगं कवा येतो, तुला ठाव न्हाई का रे? दुखवट्याला. म्हाळूनं गाठोडं ओसरीवर ठेवलं, रामराम करून गेला. आमी समजलो, तुला सरकारात खबर लागली आन् लिहायचं धाडस झालं न्हाई.

ह्यांनी पटका छातीशी धरला. सूनबाईनं उंबऱ्यावर हात आपटून बांगड्या फोडल्या.

तुझं पत्र वाचल्यावर मी कासाराला बोलावलं. सूनबाई म्हणाली, आत्याबाई, आता न्हाई भरायच्या. सहा वर्सं दारातल्या पावलांकडं कान लावून बसले. परवा पहिल्यांदा डोळा लागला.

तिचं संपलं. माझं न्हाई. जायचं मोडू नकोस. लुगड्याची घडी मी मोडली न्हाई. तू येऊन सांगशील तवा ठरवीन, भाऊबीजेचं का दुखवट्याचं.

जिवाला जप. माया हायच.

अक्का

मुंबई बंदर, आश्विन शुद्ध ६

तीर्थरूप सौ. अक्काच्या पायांवर डोकं. वि. वि. चकलांब्याला निघालो होतो, सूनबाईपुढं उभं राहायला. निम्म्या वाटेवरून गाडी वळवली. तोंड नव्हतं.

वकिलानं कापसाच्या भावावर मोठं भाषण लिहून दिलं होतं. ते पेटीच्या तळाशी टाकलं. एवढंच सांगणार, की आमच्या घरी भावानं मायेनं धाडलेलं लुगडं नि पटका आला, आणि कोण गेलं हे कुणालाच विचारावं लागलं नाही. मग उत्तरेश्वर कुठं आहे ते विचारीन. उत्तर देताना कुणाचा आवाज खाली येतो, ते भाषा न कळताही मला ऐकू येईल.

घडी तशीच राहू दे. माया पातळ करू नकोस.

तुझा सुंदर

ता. क. सूनबाईला आशीर्वाद लिहायला घेतले, तर सवयीनं हातून ‘सौ.’ उमटलं. खोडवत नाही. पुढं नावही लिहवत नाही.