एकशे बारा कोणाची?

सोमवार, ६ ऑक्टोबर

बाई पुन्हा आल्या!

येणारच होत्या म्हणा. सोमवार-गुरुवार हे त्यांच्या ड्रेसिंगचे वार, आणि ते मीच ठरवून दिलेत. तरी दारात त्यांची छत्री दिसली आणि माझ्या हातातला चिमटा ट्रेमध्ये खणकन पडला. मोठ्या सिस्टर लगेच म्हणाल्या, "ब्रदर, हाताला तेल लावून आलात की काय?"

चौकात बाईंचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. नवरा गेल्यावर त्या एकट्याच चालवतात. मागच्या महिन्यात चहाच्या किटलीची वाफ डाव्या हातावर आली आणि मनगटापासून कोपरापर्यंत भाजलं. भाजलं हे वाईटच झालं. पण त्या किटलीला मनातून हात जोडतो, हे इथे लिहायला काय हरकत आहे?

जखम मोठी गुणाची. कडेने नवी गुलाबी कातडी धरलीय. आणि इथेच माझी गोची! जितकं निगुतीने ड्रेसिंग करावं तितकी ती लवकर भरणार. भरली की बाई यायच्या बंद. चाळीस वर्षं या हातांनी जखमा भरल्या, पण जखमेला 'बाई गं, जरा सावकाश' असं म्हणायची वेळ पहिल्यांदाच आली.

जाताना म्हणाल्या, "अहो ब्रदर, पट्टी अंमळ सैल ठेवा. स्क्रू धरता येत नाही."

अहो ब्रदर! चाळीस वर्षं मी अख्ख्या जगाचा ब्रदर आहे. आज्या, सासवा, नव्या नवऱ्या, पोलिस — सगळ्यांचा. कधी काही वाटलं नाही, उलट छाती फुगायची. आज 'अहो' ऐकून मान वळली आणि 'ब्रदर' ऐकून तशीच खाली आली. आमची ही गेल्यापासून मला नुसतं 'अहो' म्हणणारं कुणी उरलं नाही, हे एकदम ध्यानात आलं.

असो! वॉर्डात जाऊन बँडमास्तरांची नाडी पाहिली. यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालंय, आवाज मात्र ट्रंपेटसारखा शाबूत. माझी जुनी खोड — नाडी हाताला लागली की मनात वृत्त सुरू होतं. यांची नाडी मंदाक्रांता. तापातल्या माणसाची भुजंगप्रयात. आणि जिथे ठोका मध्येच गाळला जातो तो मुक्तछंद — तिथे मात्र डॉक्टरांना हाक मारायची!

"आज तुम्हाला एक कविता म्हणून दाखवतो," मी म्हणालो.

"ब्रदर, सुई टोचा. सुई चालेल."

मंगळवार, ७ ऑक्टोबर

आज बाई येणार नव्हत्या हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी संध्याकाळी मान दुखत होती — दाराच्याच बाजूची.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

हसावं की तोंड लपवावं! सदुसष्टाव्या वर्षी, निवृत्त झाल्यावर ज्याला मुद्दाम बोलावून घेतलं, त्या मुरलेल्या माणसाने आज काय केलं?

नीट लिहितो. बाई आल्या. नेहमीप्रमाणे आधी नाडी. त्यांचा उजवा हात माझ्या हातात. खिडकीतून ऊन आलेलं, आणि त्या सांगत होत्या की लहानपणी त्यांच्या वर्गात शेवटच्या तासाला सगळ्या मुली चालीवर कविता म्हणायच्या, आणि घंटा झाली तरी कुणी उठायचं नाही. मला माझा वर्ग दिसला! तो खडूचा वास, नव्या पुस्तकाचा कोरा वास, बाकावर उभं राहून म्हटलेल्या ओळी. मी खिशावर उलट्या टांगलेल्या घड्याळात बघत मोजत राहिलो. भुजंगप्रयात कसला, घोडदौड! एकशे बारा. लिहून टाकले.

नवे डॉक्टर कागद बघून दचकले. "बाई, छातीत धडधडतंय?"

"नाही हो."

"चक्कर? घाम?"

"भूक लागलीय."

तरी त्यांनी बाईंना पलंगावर झोपवलं, तारा लावल्या, कार्डिओग्राम काढला. बाई छताकडे बघत निमूट पडून. यंत्र म्हणालं, बहात्तर. कसं शांत, एका मापाचं, आखीव! डॉक्टर म्हणाले, "ब्रदर, हे एकशे बारा आणलंत कुठून?"

तेव्हा मी माझ्या हाताकडे बघितलं आणि पायाखालची फरशी सरकली. अंगठा!

शिकायला लागलो तेव्हा पहिल्याच दिवशी आमच्या मेट्रनबाईंनी दरडावलं होतं : नाडी बघायची ती दोन बोटांनी. अंगठा कधी लावायचा नाही, अंगठ्याला स्वतःची नाडी असते. रोग्याची म्हणून मोजाल आणि स्वतःचीच मोजून बसाल!

मी बाईंच्या मनगटावर अंगठा ठेवला होता. एकशे बारा माझी होती.

खरं सांगायचं सोडून तोंडातून काय निघावं? "घड्याळ बिघडलंय बहुतेक. मंद चालतंय." आणि हे कुणासमोर? घड्याळवालीसमोर!

बाई उठून बसल्या. हात पुढे केला. "बहात्तरचे एकशे बारा होतात म्हणजे मिनिटाला दीड मिनिट लावतंय की हे. असलं घड्याळ अजून माझ्या हाताखालून गेलं नाही. द्या इकडे. शनिवारी या, बघून ठेवते."

दिलं. काय करणार!

शुक्रवार, १० ऑक्टोबर

खिशावर घड्याळ नाही, चुकल्याचुकल्यासारखं होतंय. भिंतीवरच्या घड्याळावर निभावलं. मोठ्या सिस्टरनी सलाइनची बाटली बदलता बदलता हळूच विचारलं, "अंगठा ना?"

मी अंगठा मुठीत लपवला.

"पहिल्या वर्षाची पोरंसुद्धा करत नाहीत हो असं!" आणि तोंडाला रुमाल लावून औषधांच्या खोलीत निघून गेल्या. हसू बाहेरपर्यंत ऐकू येत होतं.

बँडमास्तर म्हणाले, "तुमचं आज काहीतरी बेसूर चाललंय. माझी गोळी समोरच्याला दिलीत."

दिली नव्हती. देणार होतो. त्याआधी नाव वाचलं. तेवढी शुद्ध आहे अजून.

शनिवार, ११ ऑक्टोबर

सुट्टी. सकाळी गणवेश भिजत घातले, पांढऱ्या बुटांना पांढरं लावलं, गरम पाण्यात पाय सोडून बसलो. आठवडाभर उभं राहिलेल्या माणसाला याहून मोठं सुख नाही. पाण्यात बोटं हलवत शाळेतली एक लांबलचक कविता पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटली. एक कडवं गाळलं. ते तेव्हाही गाळायचो.

लेकीचा फोन आला. "बाबा, काय करताय?"

"पाय शेकतोय."

"आणि गाताय कशाला?"

"सुट्टी आहे."

"सुट्टी दर शनिवारी असते. दर शनिवारी तुमच्या गुडघ्यांची तक्रार असते, आज गाणं कुठून आलं?" लबाड आहे. आईवर गेलीय.

इस्त्रीचा शर्ट घालून दुकानात गेलो. दोन्ही हात पसरले तर भिंतींना लागतील एवढं दुकान. भिंतभर घड्याळं, आणि सगळ्यांची एकच वेळ! मी आजवर पाहिलेल्या दुकानांत प्रत्येक घड्याळ आपलीच टिमकी वाजवत असतं. इथे सगळी एका सुरात, पहिल्या तासाच्या वर्गासारखी. बाईंच्या डोळ्याला भिंग. ते न काढताच माझ्याकडे बघितलं. एक डोळा एवढा, एक एवढुसा. असला गोंडस प्रकार मी पाहिला नाही!

"तुमचं घड्याळ," त्या म्हणाल्या, "गुरुवारपासून माझ्या मोठ्या घड्याळाशेजारी ठेवलंय. केसभरही मागे-पुढे नाही. ठणठणीत आहे."

"अरे वा," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"म्हणजे घड्याळ चुकलं नाही."

"नाही."

"यंत्राने माझी नाडी बहात्तर दिली. ते काही चुकलं नाही."

"नाही."

भिंग काढलं. "मग ती एकशे बारा कोणाची होती, ब्रदर?"

सगळी भिंत टकटकत उत्तराची वाट बघत होती. आणि मी? मी म्हणालो, "उशीर होतोय, निघतो." सुट्टीच्या दिवशी! ज्याला घरी जाऊन मोजे वाळत घालायचे होते त्याला उशीर! आणि घड्याळ तिथेच काउंटरवर विसरून आलो.

रविवार, १२ ऑक्टोबर

शाळेत एकदा तपासणीला पाहुणे आले होते. मास्तरांनी कौतुकाने मला उभं केलं. दोन ओळी खणखणीत म्हटल्या, तिसरी गेली ती गेलीच. पाहुण्यांकडे बघत राहिलो, ते माझ्याकडे. काल तसंच झालं. तिसरी ओळ ओठावर होती!

आज तरी दोन सुचल्यात :

घड्याळा, तुझा खेळ आता पुरे रे
मनाचे कुणी काय मोजेल ठोके

लघु-गुरू तपासले. भुजंगप्रयात, एकही मात्रा हललेली नाही. म्हणजे मी अगदीच वाया गेलेलो नाही.

लेकीला फोन करून सगळं सांगितलं. आधी ती इतकी हसली की मी कानापासून फोन लांब धरला. मग म्हणाली, "बाबा, आईने तुम्हाला शंभरदा म्हटलं होतं, एकटे राहिलात तर कवितांनी भिंतींचे कान किटवाल. सांगून टाका ना त्यांना."

सांगणार. उद्याच सांगणार. ती— बघा, लिहिताना हात 'त्या' लिहायचं विसरला. राहू दे तसंच. इथे कोण बघतंय?

सोमवार, १३ ऑक्टोबर

ती आली आणि नेमके तेव्हाच बँडमास्तरांचे टाके काढायचे होते! एकेक टाका काढताना माणूस एकेक सूर लावत होता. मी मोकळा होईपर्यंत तिचं ड्रेसिंग मोठ्या सिस्टरनी उरकलं होतं. टेबलावर माझं घड्याळ, कागदाच्या पुडीत, काच लख्ख पुसलेली.

"निरोप आहे," सिस्टर म्हणाल्या. "घड्याळाला उगीच दोष देत जाऊ नका म्हणे."

"आणखी?"

"आणखी डॉक्टरांनी हात बघितला. गुरुवारी शेवटचं. मग सुट्टी तिला."

जखम माझ्या हाताने भरली. तक्रार कुणाकडे करायची?

बँडमास्तरांना घरी सोडलं. जाताना माझा हात धरून म्हणाले, "ब्रदर, आता म्हणा ती कविता." म्हटली. ऐकून म्हणाले, "सुईच बरी होती." आणि डोळे पुसत गाडीत बसले. लबाड!

गुरुवार, १६ ऑक्टोबर

सांगितलं!

पट्टी शेवटची सोडवली. सगळा हात कोवळा गुलाबी. मलम लावलं, उन्हात झाकून ठेवायला सांगितलं, खाजलं तर नख लावायचं नाही असं दोनदा सांगितलं. मग आणखी सांगण्यासारखं वैद्यकीय काही उरलंच नाही. ती उठणार, तेवढ्यात मी म्हणालो, "नाडी दोन बोटांनी बघतात."

"हो?"

"अंगठा लावायचा नसतो. अंगठ्याला स्वतःची नाडी असते. म्हणजे, बघणाऱ्याची."

"बरं."

"त्या दिवशी मी अंगठा लावला होता."

ती माझ्या अंगठ्याकडे बघत राहिली. माझे कान भाजल्यासारखे झाले, आणि त्यावर लावायला मलमही नाही! मग अगदी गंभीरपणे म्हणाली, "एकशे बारा म्हणजे जास्तच की. कुणाला तरी दाखवून घ्या." छत्री उचलली. "येते हं, ब्रदर."

येते हं, ब्रदर.

मोठ्या सिस्टर पडद्याआडून बाहेर आल्या — होत्याच तिथे! "माठ आहात! अंगठ्याचा धडा वाचून दाखवलात तिला. विचारलंत काय? बोललात काय? नुसता आकडा! बाईमाणसाने आकड्याला काय उत्तर द्यायचं?"

बरोबर आहे. इतक्या कविता पाठ, आणि वेळेवर निघालं काय, तर पहिल्या वर्षाचं पाठ्यपुस्तक.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

ड्रेसिंगच्या खोलीत पाच जण. एकाचाही हात सुंदर नव्हता. तरी दिवसभर गुणगुणत होतो, का ते देव जाणे. सांगून तर टाकलं!

शनिवार, १८ ऑक्टोबर

चौकातून सहज चाललो होतो. खरं म्हणजे तिसऱ्यांदा सहज. दुकानाकडे बघायचं नाही असं ठरवून समोरच्या पाट्या वाचत होतो. मागून हाक आली, "अहो!"

पुढचा शब्द येईल म्हणून थांबलो. आलाच नाही.

ती पायरीवर उभी. मागे सगळी घड्याळं. जवळ गेलो, तशी तिने माझं मनगट धरलं आणि मोजायला लागली.

अंगठ्याने.