बारा अधिक आठ

दि. ९ मार्च

प्रिय ठमाबाई,

खूप खूप आशीर्वाद. तुझा खोकला गेला का? आम्ही दोघं ठीक, फ्रेमचं दुकानही ठीक.

पत्र बघून घाबरू नकोस. फोनवर निवांत बोलताच येत नाही, तुझा आवाज आला की बाबा लगेच स्पीकर लावतात. मेसेज केला तर तोही मोठ्याने वाचून दाखवतात. आणि मला तुझ्या कामातलं काही विचारायचंय.

अगं, मी प्रोग्रॅम लिहायला शिकतेय! हसू नकोस मेले. वाचनालयात दर शनिवारी वर्ग असतो. शिकवणारी तुझ्याहूनही लहान, "सोप्पं आहे काकू" म्हणत सगळं अवघड करून ठेवते. ती म्हणाली, आपल्या उपयोगाचं गणित घ्या. मी फ्रेमचं घेतलं. चित्राची लांबी-रुंदी विचारायची, बेरीज करायची, दुप्पट करायची, की लाकडी पट्टी किती लागेल ते कळलं.

मी बारा आणि आठ घातले. यायला हवे चाळीस. आलं काय, तर १२८१२८! चष्मा पुसून पुन्हा घातले, पुन्हा तेच. एवढ्या पट्टीत आपल्या अख्ख्या गल्लीला फ्रेम बसेल. त्या ठोंब्याने बारापुढे आठ चिकटवला आणि दुप्पट म्हणून तेच परत लिहून टाकलं. का? अधिकचं चिन्ह तर मी नीट घातलं होतं. माझं डोकं पार भंजाळलं.

तू म्हणशील, बाबा असताना तुला हे खूळ कशाला? खरंय. चित्र नुसतं हातात धरून पट्टीचं माप सांगणारा माणूस घरात आहे. असो.

गंमत म्हणून बाबांना ते उत्तर दाखवलं. नीट वाचलं आणि म्हणाले, "बरोबर आहे." मी म्हटलं, काहीतरीच काय! तर म्हणे, "बरोबर आहे म्हटलं ना." तुला त्यांची चेष्टा माहितीये, चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. मी हसून सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी पट्टीवाल्याचा फोन. हसून हसून त्याला बोलता येईना. "वहिनी, साहेबांनी ऑर्डर दिलीय, एक लाख अठ्ठावीस हजार एकशे अठ्ठावीस इंच! स्वारी आज रंगात आहे वाटतं!" मीही हसले. म्हटलं, त्यांचा स्वभाव तुम्हाला काय नवीन आहे? फोन ठेवून वळले, तर बाबा मागेच उभे.

"कधी देतो म्हणाला?"

ठमे, मी "विचारते" म्हटलं आणि आत निघून गेले गं.

आता सांगूनच टाकते. गेले काही महिने फ्रेमचे कोपरे जुळत नाहीत. एक पट्टी आखूड, एक लांब. दुपारी ते झोपले की मी नव्याने कापते आणि फसलेल्या पट्ट्या जिन्याखाली सारते. माझं गणित कच्चं, म्हणून तर त्या वर्गाला गेले. डॉक्टरचं नाव काढलं की उसळतात, "मला काय धाड भरलीय?" आणि कालच एका गिऱ्हाइकाच्या फोटोला शीळ घालत नजरेनेच अचूक पट्टी कापली! मग वाटतं, मीच वेडी. ती ऑर्डर चेष्टाच असेल. असेल ना? मला खरंच काही कळेनासं झालंय.

प्रोग्रॅममधली चूक या शनिवारी सापडली. आपण टाईप करतो ते कंप्युटरला नुसती अक्षरं वाटतात. हे आकडे आहेत, असं त्याला वेगळं सांगावं लागतं. एवढं सांगितलं आणि आले की चाळीस! वर्गात टाळ्या पडल्या. मला रडू फुटलं, सगळ्यांना वाटलं आनंदाने.

म्हणजे तुला विचारायचं होतं ते सुटलं. आता दुसरंच विचारते. येतेस का गं? तू म्हटलंस तर डॉक्टरकडे येतील, तुझा शब्द ते मोडत नाहीत. फोनवर मात्र यातलं काही बोलू नकोस. "आई, तुझा प्रोग्रॅम बघायला येतेय," एवढंच म्हण. मला कळेल.

फोनपाशीच असलेली,
तुझी आई

ता. क. – आलीस की माझ्याजवळच झोप. तुझी खोली बाबा रिकामी करतायत, पट्ट्या ठेवायला.