ताईचा वरचा मजला आणि आमची गच्चीवरची सभा

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, म्हणून तूर्त अर्धाच वाकून, उरलेला भेटीत पुरा करीन). तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला गेला, की तुझ्या बोलण्याला उत्तर म्हणून ते अजून तोच वापरतात? इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. ‘ठीक’ हा शब्द लिहून मी बराच वेळ थांबलो होतो, कारण तो खरा आहे याची मला खात्री नाही. पण खोडला असता तर तू काळजी करत बसली असतीस, म्हणून राहू दिला आहे. तू तो अर्धा धर.

फोन सोडून पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तू माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस. मी ‘पण’ म्हटलं की तू “झालं याचं सुरू” म्हणतेस आणि फोन भावोजींच्या हातात देतेस, आणि भावोजी खोकतात. कागदावर मला हवे तेवढे ‘पण’ लिहिता येतात. शिवाय विषय फोनवर आटपण्यासारखा नाही. तुझा वरचा मजला रिकामा झाला आहे, शहरातलं खुराडं सोडून आप्पांना घेऊन आम्ही तिघांनी कायमचं तिकडे, आपल्या गावी यावं, भावोजींनी माझ्यासाठी एका कचेरीत शब्दही टाकला आहे, आणि महिनाअखेरपर्यंत आम्ही हो म्हटलं नाही तर मजला त्या शाळामास्तरांना भाड्याने जाणार, हे तू चार वेळा सांगितलंस. चारही वेळा मी “कळवतो” म्हणालो. ताई, मी काय काम करतो हे तुला माहीत आहे. ग्राहकांच्या तक्रारी माझ्या टेबलावर येतात, मी तक्रारदाराची बाजू आणि दुकानदाराची बाजू सारख्याच लांबीची, सारख्याच सभ्य भाषेत मांडतो आणि वर पाठवतो. निकाल साहेब देतात. आयुष्यभर निकाल दुसऱ्याने द्यायचा अशी सवय लागलेल्या माणसाला तू विचारतेस, येतोस की नाही ते सांग. रोजनिशीतसुद्धा मी ‘आजचा दिवस वाईट गेला’ एवढं लिहून थांबत नाही, दिवसाच्या बाजूनेही दोन ओळी लिहितो.

तुला ठाऊक असलेली घरातली परिस्थिती अशी होती, की तुझ्या भावजयीला यायचं होतं आणि मला नव्हतं. ती तुझ्याकडून खिडक्यांची मापं मागवून पडद्यांचं कापड बघत होती. मला का यायचं नव्हतं, ते नीट सांगता येत नव्हतं. इथे राहून मी काही मोठं कमावलं आहे असं नाही, पण ज्या जागी आपण इतकी वर्षं कंटाळलो ती जागा सोडवत नाही, असं काहीतरी असावं. (हे कारण मी तिला सांगितलं. ती म्हणाली, “हे कारण नाही, हा आजार आहे.”)

अशात इमारतीची लिफ्ट बंद पडली. आमच्याकडे लिफ्ट चालू असली की शेजारी एकमेकांना फक्त पाठीवरून ओळखतात. ती बंद पडली की सगळे जिन्यावर भेटतात, तिसऱ्या मजल्यावर दम खायला थांबतात आणि दम परत आला की त्या दमात शहराला शिव्या देतात. धूळ, गोंगाट, पाण्याची वेळ, शेजाऱ्यांचे जोडे. आमच्या सोसायटीच्या चेअरमनचं दार नेमकं तिसऱ्या मजल्यावर आहे. त्यांनी चारपाच दिवस सोसलं, मग एका सकाळी दाढीचा फेस गालावर ठेवून बाहेर आले आणि ओरडले, “हे शहर राहण्याच्या लायकीचं आहे की नाही, ते एकदा गच्चीवर बसून ठरवून टाका! आणि ठरलं की माझ्या दारात चकार शब्द नको!” सगळे हसले. मी हसलो नाही. मला वाटलं, देव पावला. आता आपला निकालही यातच परस्पर लागेल आणि ताईला कळवता येईल.

इथवर सगळं सुरळीत होतं. पुढे जे झालं ते माझ्यामुळे झालं, असं चेअरमन म्हणतात, आणि दोन्ही बाजूंनी विचार केल्यावर मलाही तसंच वाटतं. आमच्या कचेरीत नवीन माणूस आला की त्याला ज्याची बाजू पटत नाही त्याचीच बाजू आधी लिहायला लावतात, म्हणजे त्याची नजर साफ राहते, असा साहेबांचा समज. गच्चीवर खरंच सभा भरली तेव्हा मी उभा राहून म्हणालो, की इथेही तसंच करू. ज्यांना शहर आवडतं त्यांनी विरुद्ध बोलायचं, ज्यांना नको आहे त्यांनी बाजूने. चेअरमनला ही सूचना फार आवडली. माणूस आपल्याला न पटणारं किती वेळ बोलणार, पाच मिनिटांत सभा संपेल, असा त्यांचा हिशेब. ताई, न पटणारं बोलायला लागलं की माणूस थांबतच नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

पहिले उठले नको-काका. हे आमच्या खालच्या मजल्यावरचे निवृत्त गृहस्थ. मी इथे राहायला आल्यापासून ते शहर सोडून निघालेले आहेत. “टेम्पोवाल्याशी बोलणं झालंय” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यांना शहराची स्तुती करायची होती. कठडा घट्ट धरून उभे राहिले आणि म्हणाले, “रस्त्यावर दिवे असतात.” टाळ्या पडल्या, थट्टेच्या. मग म्हणाले, “औषधाचं दुकान खालीच आहे.” मग एकदम त्यांचा आवाज बदलला. काकू भर दुपारी घरात कोसळल्या होत्या तेव्हा ते लेंगा-बनियनवर रस्त्यात धावले होते. एका अनोळखी बाईने गाडी थांबवली, दोघांना दवाखान्यात सोडलं आणि नावही न सांगता निघून गेली. “गावात असतो तर जन्मभर त्या घरचे उपकार फेडत बसलो असतो,” काका म्हणाले, “इथे फेडायची सोयच नाही हो!” आणि खाली बसून डोळे पुसायला लागले. त्या सभेपासून या माणसाने जिन्यात जीव नकोसा केला आहे. कुणी हाशहुश करत वर आलं की त्याला थांबवून खालच्या रहदारीकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, “बघा, कशी जिवंत आहे!” 

त्यांच्यानंतर गाण्याच्या बाई. त्या शिकवण्या घेतात, आणि कलावंताने राहावं तर शहरातच, हे आम्ही त्यांच्याकडून नेमाने ऐकत आलो होतो. त्यांना विरुद्ध बोलायचं होतं. सुरुवात धुळीने आणि घशाने केली, अगदी शोभेलशी. मग सहज म्हणाल्यासारख्या म्हणाल्या, “मी रोज सकाळी रियाजाला बसते. आजवर एकही खिडकी उघडल्याचा आवाज ऐकला नाही. बंद झाल्याचे ऐकलेत.” सगळ्यांनी मान खाली घालून गच्चीच्या फरशीचा अभ्यास सुरू केला. बाई कुणावर रागावल्या नव्हत्या, ताई. त्यांना ते त्याच क्षणी कळलं होतं, हे त्याहून वाईट. परवा त्या वाण्याकडे रिकामी खोकी मागत होत्या.

तुझ्या भावजयीला, अर्थात, बाजूने बोलावं लागलं. तिने आधी माझ्याकडे एक कटाक्ष टाकला (हे तुमचंच डोकं ना, अशा अर्थाचा), आणि मग बोलली. म्हणाली, इथे मी तासभर बागेतल्या बाकावर एकटी बसले तरी कुणी येऊन विचारत नाही, “का गं, घरी काही झालं का?” माझ्या माहेरी मी केस कापून घेतले तर माझ्याआधी बातमी घरी पोचायची. इथे मी महिनाभर कापलेल्या केसांनी फिरले आणि ते माझ्या नवऱ्यालाही कळलं नाही. यावर मोठा हशा झाला. ती मात्र वाक्य अर्धं टाकून थांबली आणि माझ्याकडे अशी बघत राहिली, की जणू इथे तिला आवडतं ही गोष्ट मीच तिच्यापासून इतके दिवस लपवून ठेवली होती.

राहिलो मी. मी शहराच्या विरुद्ध बोललो. कचेरीतल्यासारखं, मुद्द्याला धरून, कुणाचा अपमान न करता. संध्याकाळी घरी आल्यावर दिवसभर पाहिलेला एकही चेहरा मला आठवत नाही, हा माझा शेवटचा मुद्दा. टाळ्या पडल्या, ताई. खऱ्या. मला शाळेतसुद्धा कधी पडल्या नव्हत्या, तू साक्षीदार आहेस. आणि मी खाली बसेपर्यंत मला माझं सगळं पटलेलं होतं.

शेवटी चेअरमननी हात वर करायला लावले. जे जायचं म्हणत होते ते राहतो म्हणाले, जे राहायचं म्हणत होते ते जातो म्हणाले, आणि निकाल बरोबरीत सुटला. लिफ्ट बंद ती बंदच. जिन्यावर आता पूर्वीपेक्षा दुप्पट बडबड असते, कारण प्रत्येकजण नव्याने बाटलेला आहे.

घरी तर विचारूच नकोस. आता मला यायचं आहे आणि हिला नाही. भांडण तेच, नुसत्या खुर्च्या बदलल्या. माझी जुनी वाक्यं ती माझ्याच सुरात मला ऐकवते, आणि तिची मी तिला. पडद्यांच्या कापडाचा नमुना आणायला परवा मी गेलो होतो. मग दोघांनाही एकमेकांची दया आली, ते जास्तच वाईट झालं. ती म्हणाली, “तुम्हाला जायचंय ना? चला, जाऊ.” मी म्हणालो, तुला राहायचं असेल तर राहू. त्यावर त्याग नेमका कुणाचा, यावरून दोन दिवस अबोला झाला. तुला खोटं वाटेल, पण इतक्या वर्षांच्या संसारात मला प्रथमच असं वाटलं, की आम्ही दोघं कुठेही राहिलो तरी चुकीच्याच जागी राहू.

शेवटी एका गोष्टीवर आमचं एकमत झालं, आणि ती गोष्ट म्हणजे आप्पा. आई गेल्यावर आपण त्यांना इथे आणलं, आणि इथे ते रोज सकाळी कोपऱ्यावरच्या बसथांब्यावर जाऊन बसतात. बसमध्ये चढत नाहीत. नुसते बसतात. हे ऐकून तू फोनवर रडली होतीस, की गावाचा हेडमास्तर आणि त्याने बसथांब्यावर दिवस काढावेत! सभेलाही ते गच्चीवर येऊन टाकीजवळच्या खुर्चीत बसले होते, पण काही बोलले नाहीत. आम्हा दोघांचं जे व्हायचं ते होवो, निदान आप्पांना त्यांच्या ओळखीच्या माणसांत बरं वाटेल. म्हणून ठरलं. आम्ही येतो. मास्तरांना नाही म्हणून कळव. भावोजींना नमस्कार सांग, गुडघ्याला जप.

तुझा,
धाकटा

ता. क. हे सगळं लिहिल्यावर पाकीट चिकटवायच्या आधी ‘आप्पांना बरं वाटेल’ या वाक्याने मला अडवलं. कचेरीत असं वाक्य मी त्या माणसाला विचारल्याशिवाय वर पाठवत नाही. म्हणून बसथांब्यावर जाऊन त्यांच्या शेजारी बसलो आणि विचारलं. ते म्हणाले, “तुम्ही सगळे बोलत होता तेव्हा माझीही पाळी येईल म्हणून बसलो होतो.” मग म्हणाले, “गावात मी बाकावर बसलो की बाकीचे उठून उभे राहायचे, अरे. जन्मभर एकटा बसलो. इथे म्हणतात, आजोबा, जरा सरका.” तेवढ्यात एक बाई पिशव्या घेऊन आली आणि म्हणालीच. आप्पा सरकले. माझ्याकडे बघून असे हसले, की आई गेल्यापासून मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं.

ता. क. दुसरा. तेव्हा ताई, वरचा मजला मास्तरांना देऊन टाक. पण माझं एवढं ऐक. मला उत्तर लिहिताना असं लिही, की “तुझं पत्र उशिरा पोचलं, मास्तरांचं सामान त्याआधीच लागलं होतं, माझा नाइलाज झाला.” ही युक्ती आप्पांची आहे. ते म्हणाले, “तिला म्हणावं, जागा उरली नाही असंच कळव, नाहीतर हा मरेपर्यंत तोलत बसेल.” हे खोटं आहे हे मला माहीत असेल, पण तुझ्या अक्षरात वाचलं की मी विश्वास ठेवीन. तुझ्या भावजयीलाही दाखवता येईल. ती जरा हळहळेल, मीही हळहळेन, आणि बऱ्याच दिवसांनी आम्ही दोघं एकाच बाजूला असू.

ता. क. तिसरा. मास्तरांशी करार मात्र अकरा महिन्यांचाच कर.