पाच दातांची सुई

प्रिय चिमटी,

हे अक्षर बघून तुझी भाची म्हणेल, ही कोण बाई फळ्यावर लिहावं तसं लिहितेय. तिला सांग, हीच ती मुंगी. माझ्या मुंगीएवढ्या अक्षरावरून तूच मला ते नाव ठेवलंस. आणि मी तुला चिमटी म्हणायला लागले, कारण कामाची चिमटी अंबाड्यात खोचून तू खुशाल घरी निघून जायचीस आणि आम्ही टेबलाखाली शोधत बसायचो. आमच्याकडच्या नव्या मुलीनं महिन्याभरापूर्वी तुला फोन केला तेव्हा कळलं, की तुला आता समोरचं दिसत नाही, कडेकडेचं तेवढं दिसतं, आणि आलेली पत्रं भाची वाचून दाखवते. इतकी वर्षं दर वर्षी तुझं पत्र येत होतं आणि माझं उत्तर चार ओळींचं. डोळ्यांचं तू एका अक्षरानं कळवलं नाहीस. तुझं बरोबरच होतं म्हणा. चार ओळी लिहिणारीला कशाला कळवायचं?

तळघरातली आपली खोली अजून तिथंच आहे. छताला लागून असलेली खिडकी, तिच्यातून रस्त्यावरून जाणाऱ्यांचे फक्त पाय. तू बुटांवरून माणसं सांगायचीस, "हे बघ, हे बायकोशी भांडून निघालेत," आणि मी हसताना माझा हात हलायचा, स्लाइड बिघडायची. नळ अजून गळतो. स्पिरिटचा वास कपड्यांना लागतो तो धुऊनही जात नाही. तुझ्या टेबलावर ती नवी मुलगी बसते. मी तिला नुसतंच पोरगी म्हणते. हुशार आहे, थोडी उद्धट आहे, आणि कामाला बसली की डबा तसाच घरी परत नेते. तुझी आठवण यायला एवढं पुरे होतं, पण मी ती येऊ द्यायची नाही असं ठरवलेलं होतं.

गेल्या वर्षी समुद्राच्या पाहणीच्या जहाजानं चौदाशे मीटर खोलीवरून काही स्पंज वर आणले. आता जाळं फरफटत नेत नाहीत गं. दिवे, कॅमेरा आणि एक लोखंडी हात असलेलं यंत्र खाली सोडतात आणि वर बसलेला माणूस पडद्यात बघून तो हात चालवतो. एकेक स्पंज हलक्या हातानं उचलून वेगळ्या डब्यात ठेवतात, एकाचा दुसऱ्याला स्पर्श नाही. आपल्या वेळी चिखल, दगड, तुटके खेकडे आणि स्पंज यांचा एकच लगदा यायचा आणि तू बाह्या सरसावून त्यात कोपरापर्यंत हात घालायचीस.

त्यातले तीन स्पंज पोरीनं बाजूला काढले. फोटो पाठवून उपयोग नाही, म्हणून तुला सांगते. बाटली धुवायचा ब्रश आठव. मधे बोटभर उंचीचा ताठ देठ, पांढरा, किंचित पिवळसर, आणि त्याच्या चहूबाजूंनी दोऱ्याहून बारीक तंतू. तळाशी मुळासारखा पसारा, मऊ चिखलात उभं राहण्यापुरता. इतर स्पंज पाणी गाळून जगतात, याच्या अंगाला तशी भोकंच नाहीत. जाणारायेणारा एखादा बारीक जीव तंतूंना अडकला की हा त्याच्यावर हळूहळू चढतो आणि त्याला जिरवून टाकतो. पोरीनं तंतूचा कणभर तुकडा घेतला, ब्लीचमध्ये टाकला, मांस विरघळू दिलं आणि तळाशी बसलेल्या, त्याच्या सांगाड्याच्या काचेच्या सुया चार पाण्यांनी धुऊन स्लाइडवर घेतल्या. लांब सुया नेहमीच्याच. पण त्या नांगरासारख्या चिमुकल्या सुया असतात ना, तिथं ती थबकली. पुस्तकात लिहिलेल्या जातीला टोकाशी तीन दात. तिला पाच दिसले. तिन्ही नमुन्यांत, प्रत्येकी पन्नास सुया मोजल्या, सगळ्यांना पाच.

भाचीबाईंना इथं थांबून तुझा चेहरा बघावासा वाटेल. बघू दे तिला.

मग पोरगी जुने नमुने शोधायला निघाली. नियमच आहे, नवी प्रजाती म्हणण्याआधी संग्रहातलं सगळं चाळायचं. ती जिन्याखालच्या कपाटापाशी गेली तेव्हा मी माझ्या टेबलावरच होते. काचांचा आवाज ऐकत होते. ती किती वेळानं येईल हेही मला माहीत होतं, कारण ती बरणी कुठल्या फळीवर आहे हे मला माहीत होतं. ती परत आली तेव्हा तिच्या हातात बरणी होती आणि आतल्या चिठ्ठीवर तुझं तिरकं अक्षर, पेन्सिलीतलं, एकतीस वर्षं स्पिरिटमध्ये राहूनही स्वच्छ. 'नवी प्रजाती? दात पाच.' आणि त्यावर आपल्या विभागप्रमुख सरांनी लाल शाईनं ओढलेली काट, तेवढी मात्र फिकी गुलाबी झालेली.

ते दिवस तुला आठवतात. खोलीत आपण दोघी आणि कायमची जागा एकच. आपण त्याबद्दल कधी बोललो नाही, बसस्टॉपपर्यंत चालताना बाकी जगातलं सगळं बोलायचो. तू तो स्पंज घेऊन सरांकडे गेलीस. सर म्हणाले, दुसऱ्या कुणीतरी स्वतंत्रपणे बघितल्याशिवाय मी मानणार नाही. आठ दिवसांनी त्यांनी तुला बोलावलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, की त्या सुया त्या स्पंजाच्या नव्हेतच, जाळ्यातल्या दुसऱ्या कुठल्यातरी स्पंजाच्या आहेत, भेसळ आहे, आणि इतका निष्काळजीपणा इथं चालत नाही. तू निष्काळजी! पाण्याची भांडीसुद्धा दोनदा विसळणारी तू. जिन्याच्या वळणावर तू बसलीस आणि डोळे पुसायचंही तुला सुचेना. मी शेजारी बसले, तुझ्या खांद्यावर हात ठेवला. तू विचारलंस, "मुंगे, तू पण बघितलं होतंस ना? तुला काय दिसलं?" मी म्हणाले, "मी सांगितलं गं त्यांना. ते ऐकेनात."

दोन महिन्यांनी तू भावाच्या गावी गेलीस आणि शाळेत शिकवायला लागलीस. जागा मला मिळाली. निरोपाच्या दिवशी तू मला मिठी मारून म्हणालीस, बरं झालं तुलाच मिळाली. मी किती दिवस स्वतःची समजूत घातली, की शाळेत तू रमली असशील. तुझ्या पत्रांत मुलांच्या गमती असायच्या, मी त्याच धरून बसायचे. एकदाच तू लिहिलं होतंस, की शाळेचा सूक्ष्मदर्शक मोडका आहे, पण सुट्टीत दार लावून त्यातून काहीबाही बघत बसते. ते पत्र मी पुन्हा उघडलं नाही.

पोरीनं तुझा नंबर शोधून फोन केला. अर्धा तास बोलली. खाली आली तेव्हा तिचे डोळे भरलेले. म्हणाली, "मॅडम, त्या सांगत होत्या, सगळे त्यांना हसत होते तेव्हा एकट्या तुम्हीच त्यांच्या बाजूनं उभ्या राहिलात. तुम्ही कधी बोलला नाहीत!" मी चष्मा पुसत राहिले. ती मला पाणी आणून द्यायला लागली, गहिवरून आलंय असं समजून.

आता पुढचं. बाळ, तू मावशीला वाचून दाखवते आहेस, पुढच्या ओळी वाचताना गाळू नकोस. मला हे तुझ्यासमोरही सांगायचं आहे.

चिमटे, ते दुसरं कुणीतरी मी होते. सरांनी बरणी माझ्याकडे दिली होती. मी तुझी स्लाइड वापरली नाही. देठाचा बाहेरचा थर खरवडून टाकला आणि अगदी आतला तुकडा घेतला, जिथं बाहेरची सुई जाऊच शकत नाही. स्वतःची स्लाइड केली. दात पाच होते. मी तीन वेळा मोजले. मग वर गेले आणि अहवाल लिहिला, सुया बाहेरून आलेल्या असाव्यात, तयारीत निष्काळजीपणा दिसतो. 'निष्काळजीपणा' हा शब्द माझा. सरांनी तो नुसता मोठ्यानं वाचला. घरी आई अंथरुणाला खिळलेली होती, भाऊ शिकत होता, हे सगळं खरं आहे. पण तुझ्याही घरी वडील होते आणि तू तसं केलं नसतंस. ती स्लाइड मी फोडूनही टाकू शकले नाही. खणात मागे, डबीत ठेवून दिली. पोरीचा फोन झाल्यावर नऊ दिवस मी कामावर आले, बसले, घरी गेले. दहाव्या दिवशी ती डबी तिच्यापुढे ठेवली. तिनं स्लाइड बघितली, मग कडेच्या चिठ्ठीवरची तारीख, मग ते मुंगीएवढं अक्षर. मग माझ्याकडे. सूक्ष्मदर्शकावर कापड घातलं, पर्स उचलली आणि दारातून म्हणाली, "त्यांना कोण सांगणार?" तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. चार महिन्यांनी मी निवृत्त होतेय, त्या दिवशीही बहुधा तसंच बोलेल.

मी हे पश्चात्तापानं लिहिलं असं समजू नकोस. पश्चात्ताप एकतीस वर्षं होता, त्यानं माझ्याकडून एक ओळ लिहून घेतली नाही. या प्रजातीवरच्या लेखावर पहिलं नाव तुझं असावं असं पोरीनं ठरवलं, आणि तू तिला फोनवर सांगितलंस, "माझ्या शेजारी मुंगीचं नाव असेल तरच मी सही करीन." म्हणून हे पत्र. तू ती अट घातली नसतीस, तर मी डबीही पुढे केली नसती आणि तुला काही कळलं नसतं. माझं नाव मी लेखातून काढलं आहे. नमुन्याच्या इतिहासात खोट्या अहवालाबद्दल पाच वाक्यं घातली आहेत, माझ्या नावानिशी, आणि ती छापून यायच्या आत तुला माझ्याकडून कळावीत एवढंच माझ्या हातात उरलं होतं. सोबत संमतीचा कागद आहे. भाचीला सहीची जागा बोटानं दाखवायला सांग. पोरीला त्या स्पंजाला तुझं नाव द्यायचं होतं, पण आपण लिहिलेल्या प्रजातीला आपलंच नाव देत नाहीत, तेव्हा नाव तुला सुचवावं लागेल. कागदावर नावाची रेघ कोरी ठेवली आहे. मला काही लिहू नकोस. कागद मात्र परत पाठव.

एकेकाळी तुझीच होते ती,
मुंगी