नावडता बाप

ओझर,
१५ फेब्रुवारी २०२६, रविवार

प्रिय गोदाताई,

नमस्कार. पत्र बघून दचकू नकोस, सगळे सुखरूप आहेत. तुझ्या आश्रमशाळेत रेंज पाण्याच्या टाकीवर चढल्याशिवाय येत नाही, आणि आमच्या दोन खोल्यांत फोनवर बोललेलं सगळं हर्षालीला ऐकू जातं. म्हणून लिहितोय. शेजारच्या दिनेशची कंडक्टरची ड्यूटी आता पेठच्या बसवर लागलीय, त्याच्या हाती पत्र आणि द्राक्षाची पेटी देतोय. द्राक्षं पोरांना वाट, सगळी हेडमास्तरांच्या घरी पोचवू नकोस.

कंपनीत ठीक चाललंय. हर्षालीची कंबर अजून दुखते, पण उठबस करते आता. आभानं बाळसं धरलंय. बारशाला तू तिच्या कानात नाव सांगितलंस तेव्हा केवढीशी होती, आता मांडीवर मावत नाही. हसते, हुंकार देते, पंख्याशी तर तिच्या गप्पा संपत नाहीत.

हाताचं विचारशीलच. उजवा हात अजून तसाच लोंबतो. जन्मताना खांदा अडकला आणि मानेतून हाताकडे जाणाऱ्या शिरा ताणल्या गेल्या, ते तुला सांगितलंच होतं. गंगापूर रोडच्या फिजिओथेरपीच्या मॅडम म्हणतात, व्यायाम चुकवायचा नाही. हात आपण हळूहळू वर न्यायचा, कोपर वाकवायचं, सोडायचं, दिवसातून तीन-चार वेळा, नाहीतर सांधा आखडतो. गुरुवारी डॉक्टरांकडे तपासणी आहे. तोवर कोपर तिचं तिला वाकवता आलं नाही, तर मुंबईला मोठ्या डॉक्टरांकडे, आणि मग बहुतेक ऑपरेशन. मानेजवळ चिरा देतात म्हणे. एवढीशी तर मान आहे. मी मोबाइलवर बघायला गेलो आणि मोबाइल पालथा घालून ठेवला.

व्यायाम मीच घेतो. हर्षालीनं एकदा घेतला होता. आभा किंचाळली आणि हिनं मध्येच तिचा हात सोडून दिला, तेव्हा मीच म्हटलं, राहू दे. आता तेवढा वेळ ती मोरीत नळ सोडून भांडी घासत बसते, घासलेलीच. मॅडम म्हणतात, "अहो, ती दुखतं म्हणून रडत नाही. धरून ठेवलेलं आवडत नाही तिला." असेल. पण ताई, रडताना ती माझ्या तोंडाकडे बघते.

तर मी एक शहाणपणा केला. हसू नकोस. व्यायाम घेताना कंपनीचा निळा शर्ट घालायचा, आणि लाड करताना तो काढून बनियनवर. म्हणजे तिला वाटेल, हात धरणारा तो वेगळा आणि बाबा वेगळा. अकलेचे तारे तोडले म्हण. झालं असं, की ड्यूटीवरून आलो की शर्ट बघून ती दारातच भोकाड पसरायला लागली. मग जिन्यातच शर्ट काढून पिशवीत घालायला लागलो, तर बनियनवाल्यालाही ओळखलं तिनं. नावडतीचं मीठ अळणी म्हणतात ना, तसं झालंय. मी खुळखुळा वाजवला तरी ओठ काढते.

आता जे लिहायला बसलोय ते लिहितो. गेल्या आठवड्यात चार-पाच दिवस मी व्यायाम घेतलाच नाही. दार लोटून घ्यायचो आणि तिला छातीवर घेऊन नुसता बसायचो. ती डाव्या हातानं माझं बनियन ओढत राहायची. थोड्या वेळानं बाहेर येऊन म्हणायचो, "झालं." हर्षाली म्हणाली, "अहो, रडली नाही हो आज. सवय झाली वाटतं." त्या दिवशी कितीतरी दिवसांनी ती पोटभर जेवली.

काल मॅडमकडे नेलं. त्यांनी खांदा फिरवून बघितला, परत फिरवला. "घरी रोज करताय ना?" मी तोंड उघडायच्या आत हर्षाली म्हणाली, "हो, न चुकता. आता तर रडतही नाही." मॅडम माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मग आखडला कसा?" रिक्षात हर्षाली सारखी विचारत होती, "आपलं काही चुकलं का हो?" मी म्हटलं, "नाही गं."

मला फार भीती वाटते ताई. ऑपरेशनची वाटते. हर्षालीला कळलं तर ती मला पोरीला हात लावू देईल का, याची वाटते. आणि सगळ्यात जास्त, तेवढे दिवस चुकवल्यामुळेच हात गेला असेल तर, याची. मोठी होऊन वेणी घालायला जाईल आणि हात वर जाणार नाही, हे डोळ्यांपुढून हलतच नाही.

आज सकाळी शर्टबिर्ट काही नाही. खिडकीच्या उजेडात, माझं तोंड तिला नीट दिसेल असा बसलो आणि हात धरला. रडली. मी थांबलो नाही. मीही रडत होतो, तुझ्यापासून काय लपवायचं. सगळं झालं, हात गादीवर सरळ ठेवला आणि तिचं नाक पुसायला वाकलो, तर हनुवटीला काहीतरी लागलं. तिची मूठ. उजवी. मला ढकलत होती ती. जोर मुंगीएवढा, पण कोपर वाकवून तिनंच हात उचलला होता. परत होईल म्हणून किती वेळ तोंड पुढे करून बसलो. झालं नाही. खरंच झालं होतं की मला हवं ते दिसलं, काही कळत नाही.

हर्षालीला यातलं काहीच सांगितलेलं नाही. हे मुठीचं सांगायचं तर आधी त्या चुकवलेल्या दिवसांचं सांगावं लागेल. तू बुधवारी ये. व्यायाम घ्यायला नको, तो मीच घेणार, कितीही रडली तरी. मी हर्षालीला त्या दिवसांचं सांगेन तेव्हा तू तिच्याजवळ बस. आणि व्यायाम झाल्यावर आभाला उचलून घ्यायला तिला आवडणारं कुणीतरी घरात पाहिजे.

रोज खंडेरायाला हात जोडतो. आधी म्हणायचो, पोरीला माझी भीती वाटू देऊ नको. आता ते मागत नाही. गुरुवारी डॉक्टरांसमोर तिनं मला ढकलावं. उजव्या हातानं, चांगलं जोरात.

तुझा भाऊ आणि तिचा नावडता बाप,
योगेश