मामांचा ट्रँगल कुठे गेला?

तीर्थस्वरूप मामांना,

भाचीचा वाकून नमस्कार. वाद्यवृंदाचा दौरा ठीक चाललाय ना? गुडघा काय म्हणतो? इकडे आम्ही जिवंत आहोत, एवढ्यावर समाधान माना.

फोनवर बोलले नाही, कारण मामी शेजारीच बसलेली असते. झालं असं, की तुमच्या मागच्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग दाजींनी (ताईचा नवरा म्हणून मी गप्प आहे) फोनवर पाठवायला सोपं जावं म्हणून लहान करून दिलं. मामीनं हौसेनं वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंसकट सगळे शेजारी बोलावले. सगळी वाद्यं थांबतात आणि तुम्ही एकटे त्या पोलादी त्रिकोणावर, ट्रँगलवर, काडी मारता, ती जागा जवळ आली. मामीनं बोट वर केलं, म्हणाली, "आता ऐका!"

आणि काहीच नाही हो मामा! सतरंजीवर चमचा पडावा तसं काहीतरी झालं, बस्स. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "डुलकी लागली असेल त्यांना." मामी पांढरीफटक. शेजारी गेल्यावर एकच वाक्य बोलली, "मग इतकी वर्षं तालमीला म्हणून हा माणूस जातो तरी कुठे?" आणि तुमचे सगळे कोट कपाटातून काढून दाराजवळच्या खुर्चीवर रचले.

मी दाजींना धरून आणलं. त्यांनी सेटिंग ठेवलं होतं निव्वळ बोलण्यासाठी असतं ते, सगळ्यात कमी जागेचं. जागा कमी दिली की एनकोडर, म्हणजे फाईल लहान करणारा प्रोग्रॅम, आधी वरच्या पट्टीतले, बारीक आवाज कापून टाकतो (बोलणं त्यांच्यावाचून समजतं म्हणे). ढोल राहतो, बासरी बरीचशी राहते. पण ट्रँगलचा सगळा जीवच वर! मामी थक्क. "म्हणजे माझ्या नवऱ्याची गरज नाही, हे यंत्रानं परस्पर ठरवलं?" नशीब, मूळ रेकॉर्डिंग शाबूत होतं. त्यावरून ऐसपैस सेटिंग ठेवून नवी फाईल केली. मामी भाजी चिरता चिरता ऐकत होती. ती जागा आली आणि असा लखलखीत 'टिंग' उठला, की तिच्या हातातली सुरीच थांबली. बराच वेळ तो हवेत राहिला. मग ती हळूच म्हणाली, "वाजवतात हो." डोळे पुसले (कांदा नव्हता, मी पाहिलं) आणि कोट आत नेले.

प्रकृतीला जपा.

तुमची भाची

ता. क. खरं तर पत्र यासाठी, की दाजींनी ती लहान फाईल तुमच्या वाद्यवृंदाच्या संचालकांनाही पाठवली होती. त्यांचं उत्तर आलंय: 'वा! यंदा ही जागा पहिल्यांदाच सुबक जमली.' आता मोठी फाईल त्यांना पाठवू की नको, ते कळवा.

ता. क. २. कळवू नका. मामीनं आत्ताच पाठवली. सोबत लिहिलंय, 'आवाज मोठा ठेवून ऐका.'